वही कधी बंद करायची?

वाचकांचे प्रश्न : लघु आणि मध्यम उद्योगांतील डिजिटल परिवर्तन

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ९० टक्के उद्योग लघु किंवा मध्यम आकाराचे आहेत आणि निम्म्याहून अधिक रोजगार त्यांच्याकडे आहे. तरीही डिजिटल परिवर्तनाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा स्वतंत्र संगणक विभाग असलेल्या मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून लिहिलेले असते. जिथे हिशेबनीसच संगणकाची देखभाल करतो आणि मालकच विक्री पाहतो, तिथल्या अडचणी वेगळ्या असतात. अशाच उद्योगांतून आलेल्या काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. एका सल्लागाराने विक्री, खरेदी, उत्पादन, गोदाम आणि हिशेब हे सर्व सांभाळणारी एकच मोठी प्रणाली एकदम बसवण्याचा सल्ला दिला आहे. सुरुवात अशीच करावी का?
— एक कारखानदार

माझे मत स्पष्ट आहे : नाही. प्रणाली कोणती घ्यावी याचा विचार करण्यापूर्वी नुकतीच पूर्ण झालेली एक साधी ऑर्डर निवडा आणि ग्राहकाचा पहिला फोन आल्यापासून त्याचे पैसे जमा होईपर्यंत ती ज्या ज्या हातांतून गेली, त्या सर्वांना भेटून तिची नोंद कुठे कुठे झाली ते कागदावर उतरवून काढा. बहुधा असे आढळेल की विक्री पाहणाऱ्याने नगसंख्या डायरीत लिहिली, मोबाईलवरून ती पर्यवेक्षकाला कळवली, पर्यवेक्षकाने ती फळ्यावर मांडली, गोदामपालाने माल देताना रजिस्टरमध्ये चढवली आणि हिशेबनीसाने बिल करताना ती पुन्हा टाइप केली. मध्येच ग्राहकाने फोन करून दोनशेऐवजी अडीचशे नग मागितले, तर हा बदल या पाच ठिकाणांपैकी कुठे पोहोचला आणि कुठे राहिला, यावर त्या ऑर्डरचे पुढचे सारे अवलंबून असते. आकडे जिथे एकमेकांशी जुळेनासे होतात आणि त्यापायी सर्वांत जास्त नुकसान किंवा मनस्ताप होतो, तीच तुमची सुरुवातीची जागा. कुणाकडे ती ऑर्डर आणि उत्पादन यांच्यामध्ये असते, तर कुणाकडे माल पोहोचवणे आणि बिल काढणे यांच्यामध्ये.

काम आहे तसेच ठेवून त्यावर यंत्र चढवले तर काय होते, हे विजेच्या इतिहासात दिसते. अर्थेतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, १८८२ च्या सुमारास लंडन व न्यूयॉर्कमध्ये वीजनिर्मितीची मध्यवर्ती केंद्रे सुरू झाली, पण अमेरिकेतील कारखान्यांच्या उत्पादकतेत ठळक वाढ दिसली ती १९२० च्या दशकात. सुरुवातीला अनेक कारखानदारांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली, परंतु छताखालून फिरणारे लांब दांडे, त्यांवरचे पट्टे आणि त्या दांड्यांच्या सोयीने केलेली यंत्रांची मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली आणि यंत्रे कामाच्या ओघाप्रमाणे मांडता येऊ लागली, तेव्हा कुठे विजेचा खरा लाभ हाती आला. पाच ठिकाणी होणारी नोंद नव्या प्रणालीत पाच वेगवेगळ्या पडद्यांवर करायला लावली, तर तुम्हीही जुनेच दांडे फिरवत राहाल. एका गोष्टीची नोंद एकदाच, ती घडते तिथेच आणि ती घडवणाऱ्या माणसानेच करावी व इतरांनी ती तिथून वाचावी, एवढे आधी ठरवा. मग एका टप्प्यापुरते सॉफ्टवेअर घ्या, मात्र पुढच्या टप्प्यांना जोडता येईल असे पाहून घ्या.

प्रश्न : आमचा घाऊक वितरणाचा व्यवसाय आहे. सॉफ्टवेअर येऊन बराच काळ लोटला, पण गोदामातली वही काही बंद होत नाही. संगणकातला साठा आणि प्रत्यक्ष साठा जुळत नाही, आणि कर्मचारी म्हणतात, ‘वही बघा, वहीत बरोबर आहे.’ ही सवय कशी मोडावी?
— एक वितरक

आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला. मात्र तो सवयीचा आहे, हे मला पटत नाही. वही टिकून राहते, कारण संगणकात नसलेले काहीतरी तिच्यात असते, आणि ते काय आहे हे बहुधा कुणी विचारलेलेच नसते.

एखाद्या दिवशी गोदामपालाच्या शेजारी बसून त्या वहीचे एक पान ओळ-ओळ वाचा. एका वस्तूच्या चाळीस पेट्या आल्याची नोंद दोन्हीकडे आहे. पण वहीत त्या आकड्यापुढे पेन्सिलीने लिहिलेले दिसेल की आठ पेट्या एका नेहमीच्या ग्राहकासाठी बाजूला काढल्या आहेत, तीन भिजलेल्या आहेत आणि एक नमुना म्हणून विक्री विभागाने नेली आहे. म्हणजे विकण्याजोग्या पेट्या अठ्ठावीसच आहेत. संगणक चाळीस दाखवतो, कारण राखीव, खराब आणि नमुन्यादाखल गेलेला माल वेगळा दाखवण्याची सोय एकतर त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, किंवा आहे पण ती सुरूच केलेली नाही. अशा वेळी वहीवर विश्वास ठेवणारा माणूस अडाणी नसतो. तो त्या गोदामातला सर्वांत अचूक माणूस असतो. त्याच्या पेन्सिलीच्या प्रत्येक खुणेला संगणकात जागा मिळवून द्या आणि ते काम त्याला बाजूला ठेवून न करता त्याच्याच हातून करून घ्या.

दुसरे कारण नोंदीच्या वेळेत असते. माल सकाळी येतो, ग्राहकाला दुपारी जातो आणि खरेदीचे बिल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चढवले जाते. मधल्या काळात संगणकातला साठा उणे दिसतो. तो तसा दिसू देणारी सोय चालू ठेवली की चूक कधी झाली हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. माल उतरवून घेतानाच पुरवठादाराच्या चलनावरून आवक नोंदवावी आणि दराचा व बिलाचा ताळा हिशेब विभागाने नंतर घालावा, अशी कामाची विभागणी केली तर ही तफावत बरीच कमी होते.

आता वही प्रत्यक्ष बंद करण्याविषयी. त्यासाठी एक तारीख ठरवा, तिच्या आदल्या दिवशी व्यवहार थांबवून संपूर्ण मालाची मोजणी करा आणि तोच आकडा आरंभीची शिल्लक म्हणून भरा. त्यानंतर वही आणि संगणक काही आठवडे बरोबरीने चालवायला हरकत नाही, परंतु त्या काळाचा शेवटचा दिवस आधीच जाहीर झालेला असावा आणि रोज संध्याकाळी दोहोंतील फरक कुणी शोधायचा हे नावानिशी ठरलेले असावे. ज्या समांतर नोंदींना शेवटची तारीख नसते, त्या वर्षानुवर्षे चालतात.

आणि एक गोष्ट तुम्हाला उद्देशून. ‘अमुक माल किती आहे?’ असे मालकाने गोदामात फोन करून विचारले की त्या एका प्रश्नाने सगळ्यांना कळते की खरी नोंद कोणती मानली जाते. यापुढे तुम्ही पडद्यावर पाहून निर्णय घ्या. आकडा चुकीचा निघाला तर ‘पडद्यावर हे का नाही?’ एवढेच विचारा, आणि निदान सुरुवातीच्या महिन्यांत त्या आकड्यांवरून कुणाला शिक्षा करू नका. नोंद खरी केल्याबद्दल ज्याला बोल लागतो, तो पुढच्या वेळी खरी नोंद करत नाही, आणि मग कोणतेही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

प्रश्न : आमची कामाची पद्धत इतरांपेक्षा वेगळी आहे. तयार सॉफ्टवेअर घ्यावे की आमच्यासाठी खास बनवून घ्यावे?
— एका सेवा-उद्योगाच्या व्यवस्थापक

वेगळेपणाचे दोन प्रकार करून पाहा. ग्राहक तुमच्याकडेच का येतो याचे उत्तर ज्या पद्धतीत आहे, ते वेगळेपण जपायला हवे. बाकीचे वेगळेपण ‘पूर्वीपासून असेच चालते’ एवढ्याच आधारावर उभे असते. हिशेब, पगार, हजेरी, बिले या बाबतीत तयार सॉफ्टवेअरच्या पद्धतीशी आपण जुळवून घेणे बहुधा स्वस्त आणि सुरक्षित ठरते.

हा भेद न केल्याची किंमत मोठ्यांनाही चुकवावी लागली आहे. लिडल या जर्मन किरकोळ विक्री-साखळीने सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या तयार प्रणालीवर आधारलेला आपला प्रकल्प सात वर्षांनंतर, २०१८ मध्ये सोडून दिला आणि त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरण्याची कंपनीची जुनी पद्धत होती, तर ती प्रणाली मुळात विक्रीच्या किमतीवर बेतलेली होती. पद्धत न बदलता प्रणालीच बदलत जाण्याचा मार्ग निवडला गेला आणि गुंतागुंत वाढत गेली. लहान उद्योगात रक्कम लहान असते, पण असा धक्का पेलण्याची ताकदही लहान असते.

सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याने आणलेले नमुन्याचे व्यवहार पाहून निर्णय घेऊ नका. तुमच्याकडचा सर्वांत किचकट खरा व्यवहार सोबत न्या : अर्धेच काम झाले, त्यातले थोडे ग्राहकाने नाकारले, आगाऊ रक्कम आधीच घेतलेली होती आणि दर मध्येच बदलला. तो व्यवहार तुमच्यासमोर पूर्ण करून दाखवायला सांगा. त्याचबरोबर करार मोडल्यास तुमचा सगळा डेटा, जुन्या नोंदींसह, कोणत्याही साध्या प्रणालीत उघडता येईल अशा फाइलींमध्ये किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या. खास बनवून घेतलेले सॉफ्टवेअर असेल तर त्याचा मूळ कोड कुणाच्या मालकीचा राहील, हेही करारात असले पाहिजे. हे प्रश्न खरेदीआधी विचारले तर उत्तर सौजन्याने मिळते. नंतर विचारले तर त्याची किंमत सांगितली जाते.

प्रश्न : आमचे सारे काम एक्सेलवर व्यवस्थित चालते. ते सोडण्याची खरोखर गरज आहे का?
— एक हिशेबनीस

एक्सेल हे आकडेमोडीचे आणि विश्लेषणाचे उत्तम साधन आहे, आणि त्यासाठी ते ठेवावेच. अडचण तेव्हा येते, जेव्हा अनेक जण मिळून भरत असलेली कायमची नोंदवही म्हणून ते वापरले जाते. एकाच फाइलच्या ‘अंतिम’, ‘अंतिम-सुधारित’ अशा प्रती फिरू लागतात, आणि कोणता आकडा कुणी, कधी बदलला हे नंतर सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतील कोविडबाधितांच्या जवळजवळ १६,००० नोंदी दैनंदिन आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये घेतली जात होती आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मर्यादेपुढच्या ओळी वगळल्या गेल्या आणि त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास उशीर झाला. तुमच्या नोंदी इतक्या नसतील, पण चूक गाजावाजा न करता होते हा धोका सारखाच आहे. वस्तूच्या सांकेतिक क्रमांकातली सुरुवातीची शून्ये नाहीशी होतात, आणि ‘०३/०४’ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हे वाचणाऱ्याच्या समजुतीवर राहते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याची आयएसओ ८६०१ ही आंतरराष्ट्रीय पद्धत निदान फाइलींच्या देवाणघेवाणीत तरी वापरावी.

नव्या प्रणालीकडे जाण्याचे ठरले, तर वस्तूंची आणि ग्राहकांची मूळ यादी आधी स्वच्छ करा. एकच वस्तू चार नावांनी, एकच ग्राहक तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो, आणि खरेदी किलोत व विक्री नगांत असलेल्या वस्तूंचे परिमाण कुठेच लिहिलेले नसते. हे कंटाळवाणे काम विक्रेत्याच्या माणसावर सोपवू नका. ‘षटकोनी’ आणि ‘हेक्स’ म्हणजे एकच वस्तू हे त्याला कळणार नाही, तुम्हाला कळेल. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी व्यवहार नाही अशी खाती नव्या प्रणालीत नेण्याचीही गरज नाही. जुन्या फाइली वाचता येतील अशा जपून ठेवल्या की पुरे.

प्रश्न : व्यवसाय वडिलांनी उभा केला. कुणाला किती उधारी द्यायची, कुणाचा माल थांबवायचा, हे सर्व त्यांच्या डोक्यात आहे. मी प्रणाली आणू पाहते, पण ते तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.
— दुसऱ्या पिढीतील उद्योजिका

त्यांच्या दृष्टीने पाहिले तर प्रणालीने त्यांना अजून काहीच दिलेले नाही. फक्त त्यांच्याकडचे अधिकार मागितले आहेत. रोज संध्याकाळी ते सर्वप्रथम काय विचारतात, याकडे लक्ष द्या. बहुधा ‘आज कुणाकडून येणे होते आणि किती आले?’ असाच प्रश्न असतो. त्या एका प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर प्रणालीतून काढून, मोठ्या अक्षरांत छापलेल्या एका पानावर, त्यांनी विचारण्याआधी त्यांच्यासमोर ठेवत जा. त्यांनी स्वतः संगणक चालवलाच पाहिजे असा आग्रह धरू नका.

त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे त्यांचे नियम लिहून घेणे. ‘तुम्ही उधारी कशी ठरवता?’ असे विचारले तर ‘अनुभवाने’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी दहा-बारा खऱ्या ग्राहकांची खाती घेऊन बसा आणि एकेकाबद्दल ‘याला का दिली, त्याला का नाकारली?’ असे विचारत जा. कुणी पैसे उशिरा देतो पण बुडवत नाही, कुणाची ऑर्डर अचानक वाढली की ते सावध होतात, कुणाच्या वर्षातल्या मंदीच्या काळाकडे ते दुर्लक्ष करतात, असे नियम हळूहळू बाहेर येतील. उधारीची मर्यादा प्रणालीत घालताना हेच नियम वापरा आणि मर्यादा ओलांडण्याची परवानगी देण्याचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवा. त्यांचे वर्षानुवर्षांचे शहाणपण असे लिहून ठेवण्याजोगे आहे, आणि ते करण्याची वेळ ते रोज कामावर येत आहेत तोवरचीच आहे.

प्रश्न : आमचा डेटा क्लाउडवर आहे आणि सर्व संगणकांवर त्याची प्रत आपोआप ताजी होत राहते. मग वेगळ्या बॅकअपची गरज उरते का?
— एक व्यापारी

उरते. आपोआप ताजी होणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका जागी पुसले गेलेले दुसऱ्या जागीही तितक्याच तत्परतेने पुसले जाते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे जगभरातील संगणक बंद पाडले. ती पसरली होती युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या मर्स्कच्या मुख्य सर्व्हरांच्या प्रती एकमेकांशी जुळवून ठेवलेल्या होत्या, आणि त्यामुळेच त्या सगळ्या एकदम गेल्या. वाचली ती घानामधील कार्यालयातील एक प्रत, कारण वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. तिच्या आधाराने दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करण्यात आले. तुमच्याकडे जी प्रत जाळ्यापासून तुटलेली असेल, ती योगायोगाने नव्हे, तर ठरवून ठेवलेली असावी.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा प्रचलित नियम लहान उद्योगालाही पाळता येतो. ठरावीक काळाने त्या प्रतीवरून एखाद्या वेगळ्या संगणकावर कालची बिले प्रत्यक्ष उघडून पाहा, कारण न तपासलेला बॅकअप गरजेच्या वेळी उघडला नाही असे अनेकदा घडते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते आणि पासवर्ड द्या, मोबाईलवरील दुसरी पडताळणी सुरू ठेवा आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. सर्वांनी एकच पासवर्ड वापरल्यास नोंद कुणी केली हे कधीच कळत नाही.

प्रश्न : नवी प्रणाली सुरू करण्यासाठी योग्य वेळ कोणती?
— एक उत्पादक

तुमच्या धंद्यातील सर्वांत शांत महिना. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये आपल्या नव्या प्रणालींचा मोठा भाग जुलैमध्ये, म्हणजे हॅलोविन या ऑक्टोबरअखेरच्या, मुलांना गोड खाऊ वाटण्याच्या सणाच्या ऑर्डरी येऊ लागण्याच्या सुमारास, सुरू केला, आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी तिला वेळेत पुरवता आल्या नाहीत. हंगाम संपल्यानंतर, मालाची मोजणी करून, महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरुवात करा. ऑर्डर नोंदवल्यापासून माल पोहोचेपर्यंत आणि माल पोहोचल्यापासून बिल निघेपर्यंत आज किती दिवस लागतात, हे त्याआधीच्या महिन्यात लिहून ठेवा, म्हणजे फरक पडला की नाही याविषयी नंतर वाद होणार नाहीत. अडचण आलीच तर कोणत्या दिवसापर्यंत जुन्या पद्धतीवर परतता येईल आणि तो निर्णय कोण घेईल, हेही आधी ठरवा. त्या महिन्यात दरपत्रक, कामाच्या पाळ्या किंवा कुणाची जबाबदारी बदलू नका, आणि ज्या दोन-तीन माणसांवर नव्या नोंदींचा भार पडणार आहे, त्यांच्याकडचे इतर काम तेवढ्या काळापुरते दुसऱ्यांकडे सोपवा.